वर्गातल्या दोन कान्तू

२२ ऑगस्ट

बेचाळिसाव्या वर्षी पाठीवर दप्तर! आरशात पाहिलं आणि स्वतःच हसले. माझा नवरा एलिआसार दारात उभा राहून म्हणाला, "थांब, फोटो काढतो. पहिलीत गेल्यावर काढतात तसा." काढलाच मेल्याने. माझ्या बहिणींना पाठवलासुद्धा.

गाडीत नेरेने नियम सांगितले. वर्गात मी तिची आई नाही. शेजारी बसायचं नाही. डबा पुढे करायचा नाही. "आणि बाळा तर अजिबात म्हणायचं नाही, अमा. मी वीस वर्षांची आहे."

"मग काय म्हणू?"

"काहीच म्हणू नकोस. ओळखच दाखवू नकोस."

ही कल्पना तिचीच, बरं का! शाळेच्या स्वयंपाकघरात सतरा वर्षं मी बीन्स ढवळत होते. मार्चमध्ये ही आली आणि म्हणाली, मी एक्स-रेचा कोर्स घेतेय, तूही चल, गाडी तशीही एकच आहे. मी हसले. आठवडाभर हसत राहिले. मग कधी हो म्हणाले ते माझं मलाच कळलं नाही. आणि आता ओळख दाखवायची नाही म्हणे!

शिकवायला मिस ओचोआ आहेत. केस बारीक कापलेले, पाठ ताठ, पूर्वी सैन्यात हेच काम करायच्या. हजेरी घेताना थबकल्या. "कान्तू, नेरेइदा. कान्तू, ओरालिया. नात्यातल्या का?"

नेरे म्हणाली, "असेल काहीतरी लांबचं."

मला असं हसू आलं की खोकल्याचं सोंग करावं लागलं.

३१ ऑगस्ट

मनगटात आठ हाडं! एवढ्याशा जागेत! तोर्तिया लाटताना पाठ करत होते — स्कॅफॉइड, ल्युनेट, ट्रायक्वेट्रल, पिसिफॉर्म… एलिआसार म्हणतो, "हे कुठले नवे संत? नवस फेडायचाय का?"

१५ सप्टेंबर

फुटलं बिंग!

आज प्रयोगशाळेत एकमेकांवर सराव होता. यंत्र बंदच असतं. माणसाला कसं बसवायचं, कसं झोपवायचं, हात कुठे ठेवायचा, एवढंच शिकायचं. जोड्या हजेरीच्या क्रमाने. कान्तू आणि कान्तू!

नेरे टेबलाशी बसली. मी तिचा तळहात पालथा ठेवला, बोटं सरळ केली. मग कोपर. तिच्या कोपरावर अजून ती खूण आहे, सायकलवरून कालव्याच्या कडेला पडली होती तेव्हाची. मग खांदा. मिस ओचोआ म्हणतात, आधी हाड बोटांनी शोधा, मग यंत्र आणा. मी शोधत होते. खांद्याचं टोक, गळ्याखालचं हाड, पाठीचा फरा. हिला शेवटची अशी कधी धरली होती? न्हाऊ घालायचे तेव्हा. त्यानंतर पोरी अंगाला हात कुठे लावू देतात! माझी बोटं जरा जास्तच वेळ थांबली असतील.

तर ही खुदकन हसली आणि म्हणाली, "अमा, गुदगुल्या होतायत!"

सगळी खोली आमच्याकडे वळली.

पलीकडच्या टेबलावर बेतो होता. एकोणीस वर्षांचा, टायरच्या दुकानातून आलेला, वर्गातला विदूषक. तो टेबलावरून उठूनच बसला. "अमा?! लांबचं नातं ना गं, नेरे? किती लांबचं?"

मिस ओचोआसुद्धा पाठ फिरवून उभ्या राहिल्या. खांदे हलत होते त्यांचे.

नेरे घरी येईपर्यंत तोंड फुगवून बसली. मग सिग्नलला गाडी थांबली आणि तिला जे हसू फुटलं, ते मागच्याने हॉर्न वाजवला तरी थांबेना.

१६ सप्टेंबर

आता सगळा वर्गच मला अमा म्हणतो. "अमा, पेन आहे?" "अमा, बेतो त्रास देतोय." नियम रद्द. अंड्याचे टाको सगळ्यांसाठी केले. मिस ओचोआंनी दोन खाल्ले.

१२ ऑक्टोबर

भौतिकशास्त्रात नापास. सपशेल.

प्रश्न वाचते, प्रत्येक शब्द ओळखीचा असतो, आणि वाक्य मात्र परकं. पेपर घेऊन गाडीत बसून राहिले. उन्हाने आत भट्टी झालेली, तरी काच खाली केली नाही. ओर्तेन्सियाबाई आठवल्या — आमच्या शाळेच्या स्वयंपाकघराच्या मुख्य. मी निघाले तेव्हा म्हणाल्या होत्या, "जा, जा. तुझा एप्रन खुंटीवरच ठेवते. नाताळापर्यंत परत येशील."

नेरे आली, शेजारी बसली. मी म्हटलं, "बाळा, हे माझं काम नाही. तू शिक. मी तुला सोडायला-आणायला येईन."

तिने पट्टा लावला. समोर बघत म्हणाली, "तू सोडलंस तर मीही सोडते."

"हा काय पोरखेळ?"

"आहे पोरखेळ. घे, गाडी चालू कर."

आता बोला! पोरीचं आयुष्य माझ्या भौतिकशास्त्रावर टांगलंय!

१४ ऑक्टोबर

नेरे शिकवते. स्वयंपाकघरात, ओट्याशी. "अमा, दोन गोष्टी आहेत. किरणांचा जोर आणि किरणांचं प्रमाण. तव्याची आच मोठी केलीस तर काय करतेस?"

"तोर्तिया लवकर काढते."

"नाहीतर?"

"नाहीतर करपते."

"मग झालं की! जोर वाढवला की प्रमाण कमी कर."

लहानपणी ती पाढे चुकली की मी किती ओरडायचे. ही एकदाही ओरडली नाही. एकदा फक्त कपाळ कपाटाच्या दारावर टेकवलं — हलकेच.

९ नोव्हेंबर

पास!! वर्गात मधोमध! मधोमधसारखी सुंदर जागा नाही जगात.

६ फेब्रुवारी

इस्पितळात पहिला पेशंट. लिहिताना अजून गाल तापतायत.

डॉन फिदेन्सियो नावाचे म्हातारे. ताठ मिशा, टोपी छातीशी धरलेली. छातीचा फोटो काढायचा. शिकवणाऱ्या बाई बाजूला उभ्या. मी सगळं बरोबर केलं — हनुवटी वर, खांदे पुढे, छाती पाटीला टेकलेली. "मोठा श्वास घ्या, डॉन फिदेन्सियो… आता रोखून धरा!" काचेमागे जाऊन बटण दाबलं. पडद्यावर चित्र आलं — काय चित्र! दोन्ही फुप्फुसं, बरगड्या पंख्यासारख्या उघडलेल्या, मधे तिरकं बसलेलं हृदय. मी बघतच राहिले. माझ्या हातून निघालेलं!

तेवढ्यात काचेपलीकडे म्हाताऱ्याचं एक बोट वर झालं. शाळेतल्या पोरासारखं.

"सोडा! सोडा श्वास!" मी धावले.

म्हाताऱ्याचा चेहरा बिटासारखा. धापा टाकत म्हणाला, "पोरी, मला वाटलं तू जेवायला गेलीस."

माफी मागून मागून माझं तोंड दुखलं. तो मात्र खूश! बाहेर जाऊन बायकोला सांगत होता, "अगं, या वयात एवढा दम आहे माझ्यात!"

बेतोला हे कुणी सांगितलं? दिवसभर दिसेल तिथे गाल फुगवून उभा राहत होता.

१९ जून

उन्हाळ्यातही इस्पितळच. पाय सुजतात. मजा येते. एवढंच.

११ जुलै

आज ओर्तेन्सियाबाई आल्या. स्ट्रेचरवरून. अंगणात घसरल्या, खुबा मोडलेला असणार हे पाय बघूनच कळत होतं.

मला बघून डोळे विस्फारले. "ओरालिया? देवा! दुसरं कोणी नाही का?"

मी म्हटलं, "आहे ना. बोलावते."

त्यांनी माझी बाही घट्ट धरली. वेदनेने ओठ पांढरे पडलेले. आयुष्यभर आम्हांला हुकूम सोडणारी बाई, आणि आता माझी बाही सोडत नव्हती. म्हणाल्या, "थांब. तूच कर. पण पाय हलवू नकोस गं. मेले तरी हलवू नकोस."

"नाही हलवत. पाय तिथेच राहील, यंत्र वळवते मी."

आणि तसंच केलं. चांगला पाय तेवढा उचलून टेकवला, यंत्र आडवं आणलं, पाटी कमरेशी बसवली. प्रत्येक गोष्ट करण्याआधी सांगितली. आता हात लावते. आता गार लागेल. आता श्वास रोखा. आता — सोडा! (हे कसं विसरेन!) शिकवणाऱ्या बाईंनी फोटो पाहिला आणि फक्त मान हलवली. दुसरा काढावा लागला नाही.

नेताना ओर्तेन्सियाबाई म्हणाल्या, "हात गरम आहेत तुझे." मग जरा वेळाने, "बीन्स मात्र तू कायम करपवायचीस."

"एप्रन अजून खुंटीवर आहे का?"

"पोतेरं केलं त्याचं," म्हणाल्या, आणि तेवढ्या दुखण्यातही हसल्या.

घरी येईपर्यंत गाणं म्हणत आले.

३ ऑक्टोबर

दुसरं वर्ष. नेरे वर्गात पहिली. कवटीचे फोटो, पाठीचे फोटो, काही सांगा — तिला एकदा दाखवलं की पुरे. मिस ओचोआ म्हणाल्या, "तुमच्या घरच्या पाण्यातच आहे का हे?"

पण मी तिच्याकडे बघते ना. चित्र पडद्यावर येतं तेव्हा मी अजून पुढे झुकते, लहान पोरासारखी. ती बरोबर आहे का तेवढं बघते आणि हात धुवायला जाते. आज विचारलं, "तुला आवडतं ना, बाळा?"

"आवडतं की."

कांदा आवडतो का विचारल्यावर म्हणतात तसं.

२२ डिसेंबर

सगळ्या वर्गाने आमच्या घरी तमाले केले. बेतोला मक्याच्या सालीत सारण भरायला शिकवलं. त्याचे तमाले बघून मिस ओचोआ म्हणाल्या, "यांना फ्रॅक्चर झालंय." हसून हसून एलिआसार खुर्चीवरून पडला. खरोखर पडला! अकरा भावी तंत्रज्ञ त्याच्याभोवती गोळा — कुठे दुखतं, हात वळवू नका, हलू नका! बिचारा ओरडतोय, "मला उठू द्या, बीअर सांडतेय!"

१० मे

आज पदवीदान. प्रत्येकाने आपल्या माणसाकडून छातीवर पिन लावून घ्यायची असते. मी नेरेला लावली, नेरेने मला. एलिआसारचे डोळे वाहत होते. म्हणे फुलांची ॲलर्जी. सभागृहात एकही फूल नव्हतं.

५ जून

परवान्याची परीक्षा झाली. दोघी पास! नेरेला माझ्याहून कितीतरी जास्त. मी तिला उचलायला गेले, तिनेच मला उचललं. त्याच इस्पितळात मला नोकरी! पुढच्या सोमवारपासून, सकाळची पाळी. मिस ओचोआंना फोन केला. म्हणाल्या, "कान्तू, आता मला मिस म्हणायचं नाही." पण मग काय म्हणायचं, ते काही सांगितलं नाही.

९ जून

नेरेने नोकरीसाठी कुठेच अर्ज केलेला नाही. विचारलं. भांडी पुसत म्हणाली, "अमा, मी ऑगस्टमध्ये गॅल्व्हेस्टनला जातेय. समुद्रातल्या जीवांचं शिकायला. दोन वर्षांपूर्वीच जागा मिळाली होती. तेव्हा सोडली. यंदा पुन्हा अर्ज केला, पुन्हा मिळाली."

एलिआसारकडे पाहिलं. तो खिडकीबाहेर बघत होता. म्हणजे त्याला माहीत होतं.

"मग हा कोर्स? ही दोन वर्षं?"

"तू एकटी गेली असतीस का?"

खोटं बोलता आलं असतं तर बरं झालं असतं.

नसते गेले.