या होळीला तांड्यात एकच लेकरू

बा, लिहायला फार उशीर झाला, तेवढं पोटात घाल. तू गेलास तेव्हा माझ्या मिशा काळ्या होत्या, आता भुवयासुद्धा पांढऱ्या झाल्या. तुला वाचता येत नव्हतं. कुठून कागद आला की मीच तुला वाचून दाखवायचो. तू डोळे मिटून ऐकायचास आणि म्हणायचास, पुन्हा वाच, हळू. हा कागदही हळूच वाचावा लागेल, कारण मी रागात लिहितोय आणि रागात माझी अक्षरं एकमेकांवर चढतात. आपल्या बंजाऱ्यांच्या गोरबोलीत लिहिलं असतं, पण शाळेत ती लिहायला कुणी शिकवली नाही आणि सातवीच्या पुढे मी गेलो नाही. म्हणून मराठीत लिहितो. होळी तोंडावर आली आहे. मला तुला एक गोष्ट विचारायची आहे, आणि विचारण्याआधी तुझ्याशी भांडायचं आहे.

तू मला इथे बांधून ठेवलंस. तुझ्या बापाने बैलांच्या पाठीवर मीठ वाहिलं, तूही लहानपणी त्या बैलांमागे चाललास, आणि मग औंढ्याच्या अलीकडच्या या माळावर तुम्ही गोण्या उतरवल्या त्या कायमच्या. ती गोष्ट तू किती वेळा सांगितलीस. गावचा पाटील घोड्यावरून आला, खाली उतरलासुद्धा नाही. म्हणाला, "किती दिवस राहणार?" तू म्हणालास, "पीक निघेस्तोवर." कोणतं पीक, ते त्याने विचारलं नाही आणि तू सांगितलं नाहीस. एवढं सांगून तू दरवेळी हसायचास, आणि याडी, माझी आई, चुलीपुढून म्हणायची, अजून निघालं न्हाई का रे तुझं पीक. मला ती गोष्ट आवडायची. पण त्याच गोष्टीपायी तू मला मारलंस. मामा धरणाच्या कामावर निघाला होता, मीही पिशवी खांद्याला लावून त्याच्याबरोबर उभा होतो. तू कडब्याच्या गंजीमागून आलास आणि सगळ्यांसमोर माझ्या थोबाडीत दिलीस. "आपल्या सात पिढ्या चालूनच राहिल्या," तू म्हणालास. "आता कुणीतरी बसायचं हाय. तू बस." मामा खाली बघत निघून गेला. मी बसलो, ते आजपर्यंत बसलोय.

बसून काय बघतोय ते ऐक. तांड्यातल्या निम्म्याहून जास्त दारांना कुलपं आहेत, आणि कुलपं इतकी गंजलीत की किल्ली आणली तरी उघडायची नाहीत. आधी आपली माणसं ऊसतोडीला जायची. ट्रॉलीत भांडी, शेळ्या, म्हाताऱ्या सगळं चढायचं आणि पावसाच्या आधी सगळं परत उतरायचं. त्याला जाणं म्हणत नाहीत. आताची जातात पुण्याकडच्या कारखान्यांत, आणि येतात फक्त मयतीला. मयतीला आलेला माणूससुद्धा उठता बसता घड्याळ बघतो. तिकडे माणसं इतकी झालीत म्हणे की इमारतींना टँकरने पाणी द्यावं लागतं. इथे विहिरीला पाणी आहे आणि शेंदायला हात नाहीत. देशाची लोकसंख्या फुगली म्हणून टीव्हीवर जी माणसं बोंब मारतात, त्यांना एकदा या माळावर आणून उभं करावं आणि म्हणावं, दाखवा कुठं फुगली.

गेल्या होळीचं सांगतो. आपली होळी अजून पहाटेच पेटते. पेटवण्याआधी तांड्याच्या नायकाने चालीप्रमाणे मोठ्याने विचारलं, "कुणाच्या घरी धुंड?" पूर्वी या प्रश्नाला चहूकडून ओरडा व्हायचा. वर्षभरात ज्या ज्या घरी मुलगा झाला, त्या त्या घरी दुसऱ्या दिवशी सगळा तांडा जायचा. लेकराला मांडीवर घेऊन बसायचं, त्याच्या डोक्यावर एकाने आडवी काठी धरायची, आणि गेरियांनी, म्हणजे होळी खेळणाऱ्या पोरांनी, तिच्यावर आपल्या काठ्या आपटत त्याला मोठा हो, आमच्यात खेळ, असा आशीर्वाद म्हणायचा. माझ्या मुलाच्या धुंडीला काठी तू धरली होतीस. इतक्या काठ्या आपटल्या की तुझे हात थरथरत होते, तरी तू खाली केली नाहीस, आणि लेकरू रडायचं सोडून वर बघत होतं. गेल्या होळीला नायकाने विचारलं आणि कुणीच बोललं नाही. त्याने पुन्हा विचारलं. एक कुत्रं भुंकलं, कुणीतरी हसलं, आणि त्याने तशीच होळी पेटवली. मी घरी येऊन जेवलो नाही.

या वर्षी माझ्या नातवाला मुलगा झाला. तुझा खापरपणतू. मला वाटलं, आता नायकाच्या प्रश्नाला मी उत्तर देणार. मी पुण्याला फोन लावला आणि म्हणालो, "होळीला कधी निघता?"

"न्हाई जमायचं, आबा. धुंड इथंच करून राहिलो. सोसायटीच्या गच्चीवर."

"गच्चीवर?"

"आपले सगळे इथंच तर हायत. इथला तांडा तिथल्याहून मोठा झाला."

"अन् नायक कोण तिथं?"

"चेअरमन हाय ना," तो म्हणाला आणि हसला. "तुमीच या. आजीला घेऊन या. काठी तुमच्याच हातात देतो. तिथं काय ठेवलंय आता?"

मला फोन बंद करायचं बटण सापडेना, म्हणून तो तसाच उशीखाली दाबला. बराच वेळ उशीतून आबा, आबा ऐकू येत होतं. तिथं काय ठेवलंय म्हणे. मला ठेवलंय. तू ठेवलंस.

आता दुसरं ऐक. माझ्या घराला लागून मुलाचं घर आहे, तो पुण्याला गेल्यापासून रिकामं. सध्या हळद काढायचे दिवस आहेत. गावातल्या हळदवाल्यांना इकडची माणसं मिळत नाहीत, म्हणून ते मध्य प्रदेशातल्या खंडव्याकडची कुटुंबं आणतात. खणायला तीच, शिजवायला तीच. एक जोडपं हळद शिजवायच्या कढईशेजारी ताडपत्रीखाली राहत होतं, पदरात मुलगा, अगदी तान्हं लेकरू. त्या धुरात ते खोकत होतं म्हणून तुझ्या सुनेने मुलाच्या घराची किल्ली त्यांना देऊन टाकली. मला विचारलं नाही. मी विचारलं, "काहून दिली?" तर म्हणते, "घर खोकत न्हाई, लेकरू खोकतंय." त्या बाईची बोली हिला म्हणे हिंगोलीच्या बाजारातल्या बायांपेक्षा बरी कळते. दोघी ओट्यावर बसून ही गोरबोलीत आणि ती तिच्या बोलीत बडबडत असतात.

मी त्या माणसाला गाठलं. माझ्या मुलाच्या ओट्यावर त्याची बादली, माझ्या मुलाच्या खुंटीला त्याचा सदरा. मला येते तेवढ्या हिंदीत विचारलं, "कितने दिन रहोगे?" तो उठून उभा राहिला आणि म्हणाला, "हल्दी निकलने तक, बाबा."

बा, तुझं उत्तर त्याच्या तोंडात कुणी घातलं? मला बरं वाटायला हवं होतं का? मी जास्तच भडकलो आणि बादलीला लाथ मारली. पाणी ओट्यावरून खाली गेलं. त्याची बायको आतून आली, बादली उचलली आणि पुन्हा भरून तिथेच ठेवली.

परवा नायक आला. तुझ्या वेळच्या नायकाचा नातू, मला काका म्हणतो. म्हणाला, "काका, या साली धुंड हाय."

"कुणाची?"

त्याने हनुवटीने मुलाच्या घराकडे दाखवलं.

"ते आपलं न्हाई," मी म्हणालो.

"तांड्यात हाय का न्हाई?"

"जन्मलं कुठं ते?"

"तुमचा पणतू कुठं जन्मला?"

मी म्हणालो, ते लोक हळद संपली की जाणार. तो म्हणाला, आपले तर हळद निघेस्तोवरबी थांबत न्हाईत. मी विचारलं, त्या बाईला तरी विचारलं का. विचारलं होतं. ती म्हणाली होती, वडीलधाऱ्या माणसाचा हात लेकराच्या डोक्यावर येत असेल तर काहून नको. तेवढ्यात तुझी सून आतून म्हणाली, "त्यांना विचारू नगा. ते पाटील झालेत. फक्त घोडं तेवढं घ्यायचं ऱ्हायलं." नायकाने हसू दाबलं. मी दोघांनाही शिव्या दिल्या.

जाताना तो म्हणाला, "काठी सगळ्यात वडीलधाऱ्यानं धरायची असते. ते आता तुमीच. तुमी धरली न्हाई तर धुंड न्हाई. पहाटे मी विचारणार हाय, कुणाच्या घरी धुंड म्हणून. तवा बोला, न्हाई तर गेल्या सालासारखं गप बसा."

तेव्हापासून माझं डोकं फिरलंय. काठी धरली तर काय म्हणून धरू? आमच्यात खेळ म्हणायचं आणि ते पाडव्यापर्यंत त्यांच्या बोचक्यात बसून निघून जाणार. आणि माझं स्वतःचं रक्त गच्चीवर, चेअरमनच्या काठीखाली. नाही धरली, तर ती पहाट पुन्हा तशीच मुकी जाईल, आणि मला भीती वाटते की पुढच्या होळीला नायक विचारणारच नाही. मग हा माळ पुन्हा तुम्ही येण्याआधी होता तसा. त्यासाठी मला मारलं होतंस का? राग कुणावर काढू तेही कळत नाही. पोरं पोटामागे गेली, हा माणूसही पोटामागेच आला, आणि बसलेला मी एकटा सगळ्यांवर ओरडतोय. तू असतास तर काय केलं असतंस ते मला माहीत आहे असं माझी म्हातारी म्हणते. मला माहीत नाही. मला तुझ्या तोंडून पाहिजे.

हा कागद कुठे टाकायचा तेही कळत नाही. गावातली टपालाची लाल पेटी काढून नेली, आणि असती तरी तुझा पत्ता कोणता घालू? भिंतीतल्या देवळीत तुझ्या अडकित्त्याखाली ठेवतो. एक सांगायचं राहिलं. काल सकाळी मी ओढ्याकडे जाऊन एक काठी तोडून आणली. सरळ आहे, गाठी तासल्या, तेल लावून दारामागे उभी केली. म्हातारीने विचारलं तर सांगितलं, सापासाठी आहे. पण तेलाची वाटी तिनेच पुढे सरकवली होती. तेव्हा बा, काय ते लवकर कळव. होळी पेटायच्या आत कळव.