गुस्ताफचा थर

एल्सबेके,
९ नोव्हेंबर

चि. लीव्हा हिस,
अ. उ. आ. वि. वि.

पाकिटावर तुझ्या नावामागे कुमारी लिहावं की सौभाग्यवती, हा घोळ तू मठात गेलीस तेव्हापासून सुटलेला नाही. शेवटी नुसतं सिस्टर लिहिते. पोस्टमन हसायचा तो हसतोच.

बातमी अशी की माझ्या योरिसच्या फीनच्या शर्यतीच्या सायकलचा टायर सरावात निघाला. गुरांच्या पाणवठ्यापाशी वळण आहे ना, तिथं पुढचा टायर संत्र्याच्या सालीसारखा रिमवरून सुटला आणि पोरगी चिखलात तोंडघशी पडली. हाडं शाबूत आहेत, हनुवटी तेवढी खरचटली. पण मनानं खचली आहे.

चाकं ह्यांची, लीव्हा. जाण्याआधीच्या हिवाळ्यात ह्यांनी स्वतःच्या हातानं गोंदानं रिमला टायर चिकटवून नातीला दिलेली. गुस्ताफनं चिकटवलेला टायर निघत नाही, यावर गावाचा पाद्रीबाबांच्या प्रवचनापेक्षा जास्त विश्वास. मग दोष कुणाचा, तर फीनचा. योरिस म्हणतो ब्रेक फार दाबते. ह्यांचा दोस्त ओमेर खाटीक म्हणतो हल्लीच्या मुली सायकल चालवत नाहीत, नुसत्या तिच्यावर बसतात. तीही मान खाली घालून हो म्हणते, आणि त्या वळणावर उतरून सायकल ढकलत नेते. नाताळच्या दुसऱ्या दिवशी आपल्याच गावची शर्यत आहे. नाव काढून घेते म्हणाली.

मी ठरवलंय की टायर मीच नीट बसवून घ्यायचा. त्यासाठी रिमवरचा जुना गोंद मुळापासून काढायला हवा. शहरातला दुकानदार म्हणाला, तारेचा ब्रश फिरवून चटकन काढून देतो. मी चाकं छातीशी धरून परत आणली. कार्बनच्या रिमला लोखंड लावायचं नाही, वरचा धागा तुटला की रिम मेली, एवढं ह्यांच्याकडून ऐकून ठाऊक होतं. ओमेरचं वेगळंच. गुस्ताफचा थर खरवडणं म्हणजे देवळातल्या मेरीमातेचा रंग खरवडणं, म्हणे. त्याच्यावरच नवा गोंद फास. पण मी नख लावून पाहिलं, पापडासारखा तुकडा निघाला.

खरं सांगू, खरवडायला हात उचलवत नाही. ह्यांच्या कामाच्या खोपटात अजून त्या गोंदाचा वास आहे आणि कोट खुंटीला आहे. रागही आहे थोडा. त्या शेवटच्या हिवाळ्यात माझी विटलोफची भाजी तळाला लागली, एकदा नाही, अनेकदा. हे मुकाट्यानं खात राहिले. एवढ्या वर्षांच्या संसारात भांडायलाही मी नकोशी झाले, असं वाटलं होतं मला.

तुला काही सुचतं का? गावात सगळ्यात वेगानं सायकल हाणणारी मुलगी तूच होतीस.

लोभ गोंदापेक्षा घट्ट असावा.

तुझी ताई,
लुटगार्ट


पोपरिंगेजवळ, मठ,
१७ नोव्हेंबर

ती. लुटगार्टताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र जेवणाच्या वेळी मौन असताना आलं. मी मांडीवर ठेवून वाचलं आणि बोराएवढा बटाटा घशात अडकवून घेतला. मदर सुपीरिअर नुसत्या भुवईनं रागावल्या.

सिस्टर स्कोलास्टिका आठवतात? शाळेच्या चॅपेलमधल्या शमादानांवरचं मेण काढायला आपल्याला शिक्षा म्हणून बसवायच्या. तू मात्र मुद्दाम शिक्षा ओढवून घ्यायचीस, गणिताचा तास चुकवायला. सुरी लावलीस की बोटांवर पट्टी. आधी ऊब द्या, मग लाकूड लावा, आणि घाई सैतानाची, असं त्यांचं ठरलेलं. आम्ही इथं अजून तसंच करतो. तू केस वाळवायचा ड्रायर घे, हाताला सोसेल एवढीच ऊब दे, आणि कपड्यांच्या लाकडी चिमट्याचं टोक तासून त्यानं खरवड. सुटलेला गोंद टाकू नकोस, त्याचा गोळा कर आणि रिमवर दाब. कणकेचा गोळा परातीतली कणीक उचलतो ना, तसा गोंदच गोंदाला उचलेल.

भावोजींचा राग धरू नकोस ग. पण धरलासच, तर खरवडताना उपयोगी पडेल.

नाताळाआधीचा आगमनकाळ सुरू झाला की आम्हाला पत्र लिहायची आणि घ्यायची बंदी, हे तुला माहीत आहे. तुझी पत्रं नाताळच्या दिवशी एकदम हातात पडतील. तेव्हा आता तुझं तूच पाहा. फीनला सांग, तिची मावसआजी त्या पाणवठ्याच्या वळणावर लांब झगा सावरत एकही ब्रेक न दाबता जायची. हे मदरना कळवू नकोस.

माझा लोभ मौनातही चालू असतो, तसा तुझाही असू दे.

तुझी,
लीव्हा


एल्सबेके,
७ डिसेंबर

चि. लीव्हा हिस,
अ. उ. आ.

हे तू नाताळला वाचशील, तरी आज लिहिल्यावाचून राहवत नाही.

तुझा चिमटा चालला. मी खोपटात स्टुलावर बसून रिम मांडीवर घेतली, जशी योरिसला न्हाऊ घालायला घ्यायचे. ऊब देऊन वरचा थर सोलला, तो तांबूस. त्याच्याखाली दुसरा, मधाच्या रंगाचा. दोन्हींचा वासही वेगळा. वरचा टायर ज्याला चिकटला होता तो तांबूस गोंद खालच्याला मुळी धरतच नव्हता, चादरीसारखा उचलला गेला. ह्यांनी दोन वेगळे गोंद एकावर एक लावले होते.

आता हे म्हणजे गोंद वासावरून ओळखणारा माणूस. सगळे डबे एकसारखे काळवंडलेले, चिठ्ठी कधी लावली नाही. नाक आहे की, म्हणायचे. मी तो गोळा हातात धरून बसले आणि एकाएकी माझा करपलेला विटलोफ आठवला. नासलेलं दूध कॉफीत घालून प्यायले तेही आठवलं. लीव्हा, ह्यांचं नाक गेलं होतं. त्या शेवटच्या आजारानं गेलं असणार, आणि हे कुणाला बोलले नाहीत. मी नकोशी झाले नव्हते. माझं जेवण करपलंय, हे त्यांना कळतच नव्हतं! मी हसले, मग रडले, मग नाक शिंकरून पुन्हा खरवडायला लागले.

पण मग पेच पडला. सांगितलं तर गावात ह्यांच्या नावाला बट्टा. गप्प बसले तर फीन जन्मभर समजणार की चूक तिची. तुला विचारायची सोय नव्हती. काल सेंट निकोलासच्या सणाच्या जेवणाला ओमेरही होता. बिस्किटं वाटून झाल्यावर मी तो दोन रंगांचा गोळा टेबलावर ठेवला आणि सगळं सांगितलं.

ओमेर आधी लालेलाल झाला. मेलेल्या माणसाला स्वतःची बाजू मांडता येत नाही, म्हणाला. शेवटी कबूल केलं की गेल्या हिवाळ्यात त्यानं गुस्ताफला चुकून खराब झालेलं कलेजी-सॉसेज दिलं होतं, आणि गुस्ताफनं वर त्याची तारीफ केली होती. त्याला वाटलं होतं, मित्र मन राखतोय. फीननं गोळा उचलला, दोन्ही बाजू हुंगल्या, आणि म्हणाली, आजोबांनी मला का नाही बोलावलं, मी हुंगून सांगितलं असतं की.

आज ओमेर आपणहून आला. माझ्या सुनेचं नखांचं पॉलिश काढायचं पाणी फडक्याला जेमतेम लावून आम्ही रिम पुसून काढली. आता काळी कुळकुळीत दिसते, एक ओरखडा नाही. उद्यापासून एकाच डब्यातला गोंद, थर वाळला की पुढचा थर. डबा फीननं निवडला.

शर्यतीचं मात्र ती अजून हो म्हणत नाही.

प्रार्थनेत आमचं चाक असू दे, आणि लोभही.

तुझी ताई,
लुटगार्ट


एल्सबेके,
२७ डिसेंबर

चि. लीव्हा हिस,
अ. उ. आ. नाताळच्या शुभेच्छा.

धावली ग!

काल सकाळी फीन नाश्त्याला आली ती शर्यतीचे कपडे घालूनच. योरिसनं नुसती तिची सायकल धुवायला घेतली, आणि पुसता पुसता म्हणाला की ब्रेकचं आपण उगीच बोललो.

मी पाणवठ्याच्या वळणावर उभी राहिले. हातात सगळ्यांसारखी, पोरींना चेव द्यायला, गायीची घंटा होती, पण ती वाजवायचं भानच राहिलं नाही. पहिल्या फेरीला फीन वळणाजवळ आली तेव्हा मी डोळे मिटले. ओमेर शेजारी होता. तो माझ्या कानाशी ओरडला की अग बाई, उघड, ती उतरली नाहीये. उघडले तर तिची पाठ दिसली आणि माझ्या कोटावर चिखलाचा सडा. मग प्रत्येक फेरीला उघडे डोळे आणि नवा चिखल. नववी आली. पहिली आल्यासारखी रडली.

शर्यत संपल्यावर ओमेरनं चाक हातात घेतलं, दोन्ही अंगठे लावून टायर बाजूला ढकलून पाहिला, अगदी हे करायचे तसा. टायर तसूभर हलला नाही. त्यानं टोपी काढली. तंबूत बिअर पिताना सगळ्यांना सांगत होता की गुस्ताफचं नाक गेलं होतं तरी हात गेला नव्हता, दोन्ही थर कसे एकसारखे लावलेले होते, विचारा लुटगार्टला. बट्टा वगैरे काही लागला नाही. उलट आता ज्याला त्याला आपापल्या घरातल्या म्हाताऱ्यांचं नाक तपासायचं आहे.

घरी येऊन मी विटलोफ केला. गप्पांच्या नादात करपला. सगळ्यांनी एकमुखानं आरडाओरडा केला. किती बरं वाटलं म्हणून सांगू!

सोबत त्या जुन्या गोंदाची एक गोळी कागदात गुंडाळून पाठवते. बाकी मी टाकला. तुझ्यापाशी तेवढा असू दे, आणि लोभ त्याच्यासकट.

तुझी ताई,
लुटगार्ट


पोपरिंगेजवळ, मठ,
३ जानेवारी

ती. लुटगार्टताईस,
शि. सा. न. वि. वि.

नाताळच्या दिवशी तुझं आगमनकाळातलं पत्र मिळालं आणि पुढचं येईपर्यंत माझा जीव पाणवठ्यापाशी टांगलेला. फीनला माझे आशीर्वाद. नववी म्हणजे पुढच्या वर्षासाठी आठ जणी शिल्लक आहेत, एवढंच तिला सांग.

तुझं पाकीट काल आलं. त्या गोळीचा वास कागदातून बाहेर येऊन भेटीच्या खोलीत, जिन्यात, थेट चॅपेलच्या दारापर्यंत पसरला. म्हाताऱ्या सिस्टर गोडलीवा खिडक्या उघडत फिरत होत्या. मदर सुपीरिअर नाक वर करून माझ्यापर्यंत आल्या आणि त्यांनी विचारलं की हा कसला वास, कोण आलंय.

मी सांगितलं, आमचे भावोजी आलेत.

लोभ आहेच. दरवळू दे.

तुझी,
लीव्हा