सायकलवरचा मुराळी

२४ जुलै, गुरुवार. येडशी

आप्पांचं न्हाय म्हंजे न्हाय! "घरात बाई न्हाय. पुरण कोन घालनार? झोका कोन बांधनार? येऊन काय भिंती बघंल ती? तुज्या अक्काला फोन कर, म्हनावं औंदा ऱ्हाऊ दे."

औंदा आई नाही. ही पहिली पंचमी.

आणि तिकडं मुरुमला शिवगंगाअक्काच्या सासूबाई, द्वारकामावशी — त्यांचंही न्हाय म्हंजे न्हाय. मुराळी दारात आल्याशिवाय सून माहेरी धाडायची नाही. सगळ्या जगातल्या बायका आपल्या आपण एसटीत बसून पंचमीला येतात. मावशींना मात्र भाऊ नाहीतर बाप न्यायला आलेला लागतो! दरसाली आई मला ढकलून एसटीत बसवायची. लाह्यांची पिशवी मांडीवर ठेवायची आणि खिडकीतून बजावायची, "मधीच कुठं उतरू नको, योगी." मधेच उतरायची माझी खोड तिला ठाऊक.

दुपारी अक्काचा फोन आला. हळू बोलत होती. "औंदा कुनी आलं न्हाय तर फुडच्या साली मी वाट बघनार न्हाय, योगी. माहेर मिटलं म्हनीन." मग लगेच विचारलं, सोयाबीन कसं आलंय.

पंचमी मंगळवारी. मी जाणार. सायकलवर! एसटीत अंग आखडतं माझं. आप्पांना सांगितलं तर म्हणाले, "सायकलवर मुराळी? अन् तिला बसवशील कशावर? डोक्यावर?" बरोबर आहे. जाड टायर, गेर, पुढं शॉक, सगळं आहे — कॅरियर नाही. म्हटलं, सायकल तिथंच ठेवीन, येताना दोघं एसटीनं येऊ. आप्पा भिंतीकडं तोंड करून झोपले.

२५ जुलै, शुक्रवार

पहाटेच निघालो. मुरुम दक्षिणेला. मी गेलो पश्चिमेला!

स्टेशनाच्या मागं जुन्या छोट्या लाईनीचा भराव दिसला आणि हँडल आपोआप वळलं. रूळ कधीच उचलून नेलेत. उरलीय ती खडी, तरवडाची पिवळी फुलं आणि दोन्ही अंगाला उडीद, सोयाबीन, तूर. चढ असा की चढ वाटतच नाही. रेल्वेवाल्यांनी इंजिनासाठी केलेला चढ, माझ्या पायाला सोन्यासारखा. कुठंतरी मोर ओरडत होता. मी उगाच शिट्टी मारली.

आई नवरी होऊन ह्याच लाईनीनं आली. म्हणायची, ह्या चढाला गाडी इतकी दमायची की वऱ्हाडातली पोरं खाली उतरून करवंदं तोडायची आणि पळत येऊन परत चढायची. तीही उतरणार होती म्हणे. शालूचं ओझं होतं म्हणून राहिली. आज मी मुद्दाम उतरलो. करवंदं संपलीत. पानंच चघळली.

येताना स्टेशनाच्या रस्त्यानं आलो. इथंच अक्कानं मला हाफ पायडल शिकवलं. आप्पांची काळी सायकल, मी तिच्या दांडीखालून पाय घातलेला, आणि अक्का मागं धरून पळतेय. "सोडू नको हां, सोडू नको!" "न्हाय सोडत!" — आणि आवाज लांबून यायचा. तिनं केव्हाच सोडलेलं असायचं.

दिवसभर सायकल हाणून मुक्काम कुठं? रामलिंगाला! घरापासून हाकेवर! आप्पांना कळलं तर हसून मरतील. हसले तर बरंच होईल म्हणा. माकडांनी लाह्यांची पिशवी फाडली. मुराळी रिकाम्या हातानं निघाला.

२६ जुलै, शनिवार

धाराशिवची लेणी. सरळ रस्ता सोडून पुन्हा आडवाटेला. पण एवढ्या जवळून जायचं आणि वर जायचं नाही?

लहानपणी आई घेऊन आली होती आम्हाला. ती आत आलीच नाही. "तुमी बघून या, मी चपला राखते." मोठ्या लेण्यात अंधारात अक्कानं माझा हात धरला होता. भ्याली होती ती, आणि सांगत होती मला, "भिऊ नको." बाहेर आलो तर आई दरीकडं बघत बसलेली, तिघांच्या चपला पदराखाली. तिला काय दिसत होतं, विचारलं नाही कधी. आज तिथंच बसून बघितलं. दरी, झाडं, एक शेळ्यांचा कळप.

आप्पांचा फोन आला. परत आला. परत आला. उचलला नाही. "माघारी ये" म्हणतील आणि मी जाईन. माझं तसंच आहे, कुणी हाक मारली की वळतो. फोन बंदच करून टाकला.

मुक्काम तुळजापूर. मांड्या भरून आल्यात.

२७ जुलै, रविवार. नळदुर्ग

हायवेला ट्रक अंगावर येतात म्हणून शेतांच्या कडेकडेनं पांदीनं आलो. आणि बाभळीचा काटा! सायकल खांद्यावर घेऊन नळदुर्गात शिरलो.

साजिदचं पंक्चरचं दुकान. त्यानं सायकलीला एक चक्कर मारली. "ह्ये काय रे? मडगार्ड न्हाय, घंटी न्हाय, स्टँड न्हाय. कंपनीनं आर्धीच दिली का तुला?" मी म्हटलं, बहिणीला आणायला चाललोय. त्यानं पाना खाली ठेवला. "हिच्यावर? म्हंजे भैन पळत येनार अन् तू सायकलीवर!" दुकानातले सगळे हसले. मीही.

पंक्चर काढून लगेच निघता आलं असतं. पण साजिद म्हणाला, "वर लई पाऊस झालाय. उद्या सकाळी किल्ल्यात नर-मादी पडतंय बघ, दोन्ही धबधबं. चुकवू नको." झालं! त्याच्याच दुकानात पथारी टाकली. त्याच्या अम्मीनं डबा पाठवला, खिचडी आणि चिंचेचा खट्टा. मुरुम इथून अर्ध्या दिवसाचं. उद्या सांजेच्या आत पोचतो. नक्की.

२८ जुलै, सोमवार. सकाळ, किल्ला

पडलं! पाणीमहालावरून दोन्ही धारा. पोटात धडधड होते इतका आवाज. लहानपणी आम्ही आलो होतो तेव्हा आईनं एका हातात अक्काची वेणी आणि दुसऱ्या हातात माझी कॉलर घट्ट धरली होती. धबधबा कमी आणि मान आवळलेलीच जास्त आठवते.

निघतो. आता कुठंच थांबायचं नाही.

२८ जुलै, सांज. मुरुम

कुठंच थांबलो नाही. येणेगूरला चहासुद्धा नाही. चिखलानं भरलेला दारात उतरलो तर कृष्णराज भावजी ओट्यावर. हसायलाच लागले. "आत्ता व्हय? तुमचे आप्पा काल सांजचं आले, मुक्काम केला, सकाळच्या गाडीनं शिवगंगाला घिऊन गेले बी! फोन करत हुते म्हनं तुमाला."

मी ओट्यावर बसलोच.

आप्पा! जे आई गेल्यापासून गल्लीच्या बाहेर गेले नाहीत! 'माघारी ये' म्हणायला नाही, 'मी बी निघतोय' म्हणायला फोन करत होते ते. भावजी म्हणाले, "तुमचे आप्पा म्हनत हुते, पोरगं निघालंय खरं, पर त्याचा काय नेम न्हाय." आणि रात्री चुलीपाशी बसून त्यांनी द्वारकामावशींना विचारून घेतलं म्हणे, पुरण किती शिजवायचं, दिंडं कशी वळायची, गूळ कधी घालायचा. दोनदोनदा विचारलं.

फोन चालू केला, अक्काला लावला. तिकडं गलका. "योगी! आप्पांनी चिंचंला झोका बांधलाय! वाकडा बांधलाय! तू हायस कुठं?" म्हटलं, तुझ्याच घरात.

आनंद झाला. खरंच झाला. आणि एकदम रिकामं वाटलं. एवढं पायडल मारून कुणाला न्यायचं?

मावशींनी भाकरी वाढली. कोणत्या वाटेनं आलास विचारलं. नळदुर्ग म्हटल्यावर हात थांबला. "नर-मादी पडतंय का?"

"पडतंय की. सकाळीच बघून आलो."

"पंचमीला झोके खेळून आमी समद्या पोरी तितंच पळायचो." त्यांचं माहेर नळदुर्गाचं! किल्ल्याखालच्याच गल्लीत. मी कालची अख्खी रात्र तिथंच लोळत होतो. "भाऊ हुता तवर यायचा न्यायला. बैलगाडी घिऊन. त्यो गेल्यावर कोन येनार? पुतन्या हाय. त्याला तरी काय ठावं."

भावजी म्हणाले, "आई, किती डाव म्हनलं, गाडीवर सोडतो म्हनून."

"सोडायला सासरचं मानूस लागतंय. न्यायला माहेरचं यावं लागतंय." आवाज चढला नाही की रडला नाही. आणि मी पाच वर्षं ह्या बाईला हट्टी म्हणत आलो.

जेवण झालं. ताट उचलता उचलता मावशी माझ्याकडं बघून म्हणाल्या, "आमच्या दारातनं मुराळी मोकळा गेला न्हाय आजवर. सकाळी लवकर उठ."

भावजींना आधी कळलंच नाही. कळल्यावर उठून उभेच राहिले. "आगं पर नळदुर्गाला फोन तरी करू का?"

"माहेराला फोन करून जात्यात व्हय रं?"

आता आत ट्रंक वाजतेय. लुगडी काढतायत.

२९ जुलै, मंगळवार. पंचमी. नळदुर्ग

टेंपो मिळाला. मावशी पुढं ड्रायव्हरशेजारी, मी आणि सायकल मागं. गल्ली त्यांनी कुणाला न विचारता काढली. दार उघडलं ते एका नव्या सुनेनं. "कोन पायजे?"

मावशींनी पदर सारखा केला आणि माझा दंड धरून मला पुढं ओढलं.

"घरात सांग, द्वारका आली. भावानं आनली."