मला काहीच नको

३ तारीख, सोमवार.
आज आमच्या पाट्या रंगवायच्या कारखान्यात व्याख्यानाचा बोर्ड रंगवला : 'तृष्णा हे दुःखाचे मूळ'. विसर्गाचे दोन्ही ठिपके पट्टीने मोजून. आठवीत शाळा सुटली, पण ऱ्हस्वदीर्घ सुटले नाही. संध्याकाळी त्याच व्याख्यानाला बसलो. बुद्धांचे म्हणणे पटले. आमचे म्हातारे मिस्त्री महिनाअखेर निवृत्त होणार. त्यांची जागा मला हवी आहे, म्हणूनच आठ दिवस पोटात कळ येते. निश्चय : उद्यापासून काहीच हवे म्हणायचे नाही.

४ तारीख, सकाळी ७.
हव्या असलेल्या गोष्टींची यादी केली. एकोणीस निघाल्या. सगळ्या खोडल्या. पान फार घाण दिसू लागले म्हणून यादी पुन्हा सुवाच्य अक्षरात उतरवली.

६ तारीख.
मन शांत. मिस्त्रींच्या स्टुलावर फवारा बसला होता. (बोलताना थुंकी उडते म्हणून फवारा. माझ्याच हाताखाली शिकला. अजून 'दुख' लिहितो.) मला काहीही वाटले नाही, असे त्याला दोनदा सांगितले. तो म्हणाला, मग ओरडतोस कशाला?

९ तारीख, रविवार.
आई म्हणते, मालकांकडे तोंड उघडून माग. म्हटले, मागितले की ती तृष्णा. त्यांनी आपणहून दिले तर घेईन. द्यायलाच हवे.

१२ तारीख, दुपारी.
मालकांनी बोलावले! म्हणाले, मिस्त्रींची जागा घेतोस का? म्हटले, मला काहीच नको. म्हणाले, नक्की? म्हटले, नको हो, कशाला उगाच. तिसऱ्यांदा विचारले की 'आता तुमचा एवढा आग्रहच आहे तर' म्हणायचे ठरले होते. फोन वाजला. मालक फोनवरच बोलत राहिले.

१३ तारीख.
उद्या विचारतील.

१५ तारीख.
मालक जवळून गेले. मी खोकलो. म्हणाले, औषध घे.

१७ तारीख.
जागा फवाऱ्याला. आईने कपाळावर हात मारला. म्हणाली, अरे, पंगतीत वाढत होते का ते, नको नको करायला? म्हटले, मला दुःख झालेले नाही. ताई म्हणाली, मग ताट का ढकललेस?

१८ तारीख.
फवारा म्हणाला, मालक सांगत होते, तुला म्हणे काहीच नको असतं. मग तुझं खिडकीजवळचं टेबल मी घेऊ? म्हटले, घे की, त्यात काय विचारायचे!
त्याने लगेच उचलले. मालकांनी निदान दोनदा तरी विचारले होते.