दाराची फट

ती. आबास, लडाखच्या बर्फातनं बिरूचा दंडवत.

माझी काळजी करू नगा. आमाला तयार आनून जोडलेलं डब्यावानी घर हाय, कॅप्सूल म्हनत्यात. भाईर मायनस तीस, आत बनियनवर बसतुया. भिंती जाड फोमच्या, वाऱ्याचा आवाजबी येत न्हाई.

तीच पंचाईत. आटपाडीत मेंढरांची चाहूल लागावी म्हनून दार किलकिलं ठेवायची आपली सवय. हितंबी ठेवलं, तर नळ गोठून फुटला. सायेब लय बोलले. आता दार बंद, पन झोप न्हाई. सारखा उठून दाराला कान लावतुया.

तुमचा खोकला थांबला का? खरं सांगा. थंडी वाजली तर दोन घोंगडी घ्या, पन आबा, एकलं हायसा तवर दार लावू नगा. खोकला शेजारच्या धनाजीतात्यास्नी ऐकू गेला पायजे.

तुमचा,
बिरू