आत चाकाची खुर्ची जाते का?

३ मार्च
व्यायामवाल्या बाईंनी आज माझ्या फोनवर एक अ‍ॅप घालून दिलं. यांचे पाय हलवून झाल्यावर, निघता निघता म्हणाल्या, "तुम्ही कामाला चालत जाता ना? मग जाता जाता उत्तरं द्या." नकाशा कुठल्या कंपनीचा नाही, सगळ्यांचा — आपणच भरायचा. समोर उभं राहिलं की प्रश्न येतो. बाकाला पाठ आहे का? रस्त्यावर दिवा आहे का? बोट टेकवायचं, संपलं! मला जमलं म्हणजे कुणालाही जमेल.

यांना दाखवलं. "रिकामटेकडे उद्योग," म्हणाले आणि भिंतीकडे तोंड केलं. अपघातानंतर घराबाहेर पाऊल — पाऊल कसलं, चाक — टाकलेलं नाही. शाळेनं यांची जागा महिनाअखेरपर्यंत धरून ठेवलीय. गणिताला दुसरे मास्तर मिळायला कितीसा वेळ! मला फार भीती वाटते.

५ मार्च
आज झपाटाच लावला. एकच प्रश्न निवडून ठेवलाय — आत चाकाची खुर्ची जाते का? वाणी, हो. सलून, हो. वाचनालय, हो. यांच्या शाळेला तर रस्त्याच्या पलीकडूनच 'हो' देऊन टाकलं. एवढी मोठी शाळा, जातच असेल.

६ मार्च
दिवसभर भिंतीकडेच तोंड.

९ मार्च
शेवटी तयार झाले! केस कानांवर आलेत, स्वतःलाच सहन होईना. मी म्हटलं, "अहो, सलूनमध्ये खुर्ची जाते. मी स्वतः 'हो' दिलंय, साऱ्या जगाला दिसतंय." इस्त्रीचा शर्ट घातला.

दारात पायरी. चांगली वीतभर! यांना बोलवायला इतकी वर्षं मी तिथे जाते, ती चढते-उतरते, पण कधी दिसलीच नाही. सलूनवाला कात्री टाकून धावला. "मास्तर, उचलून घेतो ना!" हे लाल झाले. "नको. घरी चल." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

संध्याकाळी फोन मागितला. वाटलं, अ‍ॅप काढून टाकतायत. तर सलूनचं 'हो' बदलून 'नाही' केलं. मग — "आणखी कुठे कुठे दिलंयस?" सांगितलं. "पाहून दिलंस?" मी मान हलवली, नाही. "म्हणजे उद्या माझ्यासारखा कुणीतरी तुझ्या भरवशावर निघणार, आणि चारचौघांत दारात अडकणार." खरंच की! हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

पण अपघातानंतर एवढं लांब वाक्य आज पहिल्यांदाच बोलले.

१२ मार्च
"तुझ्यावर काडीचा विश्वास नाही," म्हणत स्वतःच वाण्यापर्यंत आले! मी खुर्ची ढकलतेय आणि यांच्या मांडीवर मोजायची टेप. अ‍ॅपमध्ये 'हो' आणि 'नाही'च्या मध्ये 'थोडंफार' असंही एक उत्तर आहे. त्यावर भडकले. "'थोडंफार' हे काय उत्तर झालं? माझ्या वर्गात शून्य मार्क!" वाणी हसला, मी हसले. हेसुद्धा, पण मिशीतल्या मिशीत. घरी येऊन स्वतःच्या फोनवर अ‍ॅप घालून घेतलं.

१५ मार्च
वाचनालय तपासून झालं, जाताना चाकं यांनी स्वतःच फिरवली. मागच्या बाजूनं उतार आहे, 'हो' टिकलं! त्या आनंदात मी शाळेचं नाव काढलं. "तिकडे नको. पोरं बघतील." मीही ताणलं नाही.

२० मार्च
मुख्याध्यापिकांचा फोन. "मास्तरांना म्हणावं, एकदा येऊन तर जा." निरोप दिला. ऐकून न ऐकल्यासारखं केलं. महिना संपत आलाय. चिडूनही पाहिलं, उपयोग नाही.

२४ मार्च
कामावर, औषधांच्या दुकानातच लिहितेय, पावतीच्या पाठीवर — घरी गेल्यावर वहीत चिकटवीन. यांना फोन लावला, उचलेनात. परत लावला. नाहीच! तेवढ्यात अ‍ॅपचा निरोप आला, शाळेपुढचं माझं 'हो' कुणीतरी बदललंय. खाली यांचं नाव, आणि शेरा — 'तीन पायऱ्या. मुलांनी उचलून वर्गात नेलं. तरीही उत्तर — नाही.'