आत्या रोज सात वाजता ठीक असते

मंगळवार, दुपार

तीर्थरूप आत्यास,

तुझ्या भाच्याचा साष्टांग नमस्कार. (खुर्चीत बसूनच घातलाय. खाली वायरींचं जाळं आहे, आडवं व्हायचं तर आधी दोन कॉम्प्युटर हलवावे लागतील.) तुझे गुडघे, डावा कान आणि तिसऱ्या मजल्याचा तो जिना, तिघांची काय खबरबात? मी उत्तम आहे. म्हणजे वजन उतरलंय, उजवी पापणी स्वतःच्या मर्जीने फडफडते आणि एका जागी पाच मिनिटं बसवत नाही, पण तो आजार तुझ्या जुन्या ओळखीचा आहे. फोन सोडून पत्र का, ते पुढे येईलच. आधी मुद्द्याचं सांगतो : गुरुवारी सकाळी अकरा वाजता आमच्या कंपनीचा निकाल आहे, आणि तो सर्वस्वी तुझ्या हातात आहे.

नोकरी सोडली तेव्हा तू विचारलं होतंस, की मग आता सकाळी उठून जाणार कुठे. मी तेव्हा रागावलो होतो, पण प्रश्न बिनतोड होता. पहिली कंपनी काढली ती भाड्याने छत्र्या देणारी. (लोकांनी छत्र्या आवडीने नेल्या. त्या परतही आणायच्या असतात हे आम्ही लिहिलं होतं, पण फार बारीक अक्षरात.) दुसरी, शेजाऱ्यांनी एकमेकांना शिडी, ड्रिल असलं सामान वापरायला द्यावं म्हणून, तिच्यापायी तीन इमारतींमधले लोक एकमेकांशी बोलेनासे झाले. आणि तिसरी ही आत्ताची, एकट्या राहणाऱ्या वृद्धांसाठी. (तू वृद्ध नाहीस. फॉर्ममध्ये दुसरा रकाना नव्हता.) सकाळी सात वाजता फोनने विचारायचं, ठीक आहात ना? माणसाने हिरवं बटण दाबायचं. पंधरा मिनिटांत दाबलं नाही, तर घरच्यांच्या फोनवर भोंगा. कल्पना माझी, थंड डोकं माझ्या भागीदाराचं, ज्याला सगळे चष्मा म्हणतात. पहिली ग्राहक कोण? तू. कारण तुला विचारायची गरज नव्हती.

तिथेच घोडं पेंड खाऊ लागलं. जन्मभर टेलिफोन एक्स्चेंजमध्ये बसून जगाचे फोन जोडलेस, आणि स्वतःच्या फोनचं एक बटण दाबायला मात्र तुझा ठाम नकार. पहिल्या पंधरा दिवसांत अकरा भोंगे! एकदा तू गच्चीत वाळत घालत होतीस, एकदा खालच्या शिंपीणबाईंशी तुझा वाद रंगला होता, आणि एकदा फोन तुझ्या हातातच होता पण हा कोण मला रोज विचारणारा, म्हणून तू दाबलं नाहीस. तुझं ठीक आहे गं, इकडे माझ्या तोंडचं पाणी पळायचं. एकदा न्हाव्याच्या खुर्चीतून अर्ध्या गालाला साबण ठेवून बसस्टँडपर्यंत पळत गेलोय मी. न्हावी मागून वस्तरा घेऊन, लोक वाट सोडून बाजूला. मग एका मोठ्या इस्पितळाची माणसं आमचं काम बघायला सकाळी सातलाच येणार होती. त्यांच्यासमोर भोंगा झाला असता तर संपलंच. म्हणून मी आमच्या प्रोग्रामर बाईंना सांगितलं, आत्याचं बटण एवढ्या सकाळपुरतं मशीनलाच दाबू दे. त्यांनी तसं केलं. इस्पितळवाले चहा पिऊन गेले ते गेलेच, आणि तात्पुरतं केलेलं ते काम काढायचं राहून गेलं. (आमच्या धंद्यात तात्पुरतं म्हणून केलेलं काम सगळ्यात जास्त टिकतं.)

काल गुंतवणूकदार बाई आल्या. शांत बाई आहेत, आपण बोलत असलो की पापणीही लववत नाहीत, त्यामुळे माझी दुप्पट लवते. एकूण एक्केचाळीस ग्राहकांचे तक्ते त्यांनी पाहिले. बाकीच्यांचा सगळा आनंद आहे, एक निवृत्त सर्व्हेअर तर खात्री म्हणून रोज चाळीसदा बटण दाबतात. पण तुझ्या तक्त्यावर बाईंचं बोट थांबलं. सुरुवातीचे भोंगे सोडले तर सलग सत्त्याण्णव दिवस, एकही खाडा नाही, रोज सातच्या ठोक्याला. बाई म्हणाल्या, या आजींशी मला बोलायचंय, गुरुवारी अकराला फोन लावून द्या, त्यावर ठरवू. चष्म्याने टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. प्रोग्रामर बाईंनी वाजवल्या नाहीत. त्यांनी मला जिन्यात गाठून मशीनची आठवण करून दिली, तेव्हा मी तिथेच चार मजले खाली-वर करून आलो.

तर आत्या, एवढंच कर. बाईंचा फोन आला की म्हण, हो, मी रोज दाबते. जास्त बोलू नकोस. सात माणसांच्या पोटापाण्याचा प्रश्न आहे. कालपासून हे सांगायला फोन करतोय, पण तुझा फोन बंद लागतो. चार्जिंगला लावायला विसरली असशील. म्हणून हे पत्र.

तुझा,
पायाला भिंगरी लागलेला भाचा

ता. क. : पत्र बंद करण्याआधी आणखी सहा वेळा फोन लावला. बंदच. शिंपीणबाईंना विचारावं म्हणून त्यांचा नंबर शोधायला तुझा फॉर्म उघडला. अडीअडचणीला कुणाला कळवायचं यासाठी आम्ही दोन रकाने ठेवलेत, आणि दुसरा माणूस वेगळाच हवा असा नियम मीच केलाय. तुझ्या फॉर्ममध्ये दोन्हीकडे माझाच नंबर आहे. घाईत मीच भरला होता.

ता. क. २ : खरं सांगू? सत्त्याण्णव दिवसांत मी तुला एकदाही फोन केला नाही. रोज सकाळी हिरवा ठिपका बघायचो, मनात म्हणायचो आत्या ठीक आहे, आणि कामाला लागायचो. बटण मशीन दाबतंय हे मला माहीत होतं, आणि मीच विसरलो. मला माझीच भयंकर लाज वाटतेय. आणि भीती. आत्ताच गुंतवणूकदार बाईंना फोन करून सगळं सांगून टाकलं. चष्मा समोर डोकं धरून बसलाय. बाई म्हणाल्या, "अहो, मग तुम्ही अजून ऑफिसात काय करताय?"

ता. क. ३ : बुधवार. टपालाला पाच दिवस लागतात म्हणे, म्हणून टपाल मीच झालोय. तुझ्या दाराबाहेर उभा राहून लिहितोय. घंटीपर्यंत हात जातो आणि मागे येतो. थांब, आतून आवाज येतोय. तू बोलतेयस! शिंपीणबाईंना झापतेयस. आत्या, जीव भांड्यात पडला गं. त्या विचारतायत, फोन बंद करून कपाटात का टाकलात. आणि तू म्हणतेयस, तीन महिने झाले, भाच्याचा एक फोन नाही, मग तो डबा चालू ठेवू तरी कुणासाठी?

ऐकलं मी. घंटी वाजवतोय.